वाखाचे दावे

डहाणू रोड स्थानकावर उतरून पूर्वेची वाट धरली, की समुद्राचा खारा वारा हळूहळू मागे पडतो. चिकूच्या दाट वाड्या, ताडांच्या उंच रांगा आणि गवताचे भारे यांच्यामधून रस्ता चढउतार करीत तलासरी तालुक्यात शिरतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो. भाताची खाचरे पिवळी पडलेली असतात, काही ठिकाणी कापणी सुरू झालेली असते. या पिवळ्या खाचरांच्या बांधांवर पुरुषभर उंचीची, सरळसोट वाढलेली, फिकट पिवळ्या फुलांची झाडे ओळीने उभी दिसतात. फुलाच्या पोटात गडद तांबडा ठिपका असतो. ही अंबाडी होय. शहरातील मनुष्य तिला ओळखतो तो भाजीच्या जुडीवरून; परंतु तिची खरी कमाई पानांत नसून सालीत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

पालघर शहरात राहणारे एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांसाठी याच मुलखातील एका वारली पाड्यावर राहावयास गेले. वडील उंबरगावच्या ज्या कारखान्यात हिशेबनीस होते, त्याच कारखान्यात त्या घरचा मुलगा कामाला होता, ओळख तेवढीच. बरोबर आई, सातवीत शिकणारी थोरली मुलगी आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ अशी मंडळी होती.

मुलीच्या मनात या सहलीविषयी एक वेगळेच चित्र होते. परदेशांतील लोक सुट्टीत धाग्याच्या शेतांवर राहावयास जातात, असे तिने वाचले होते. तेथे मेंढ्या असतात. कोठे कोठे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या पठारावरून आणलेले अल्पाका नावाचे, उंटाच्या कुळातील, लांब मानेचे आणि मऊ लोकरीचे प्राणी असतात. पाहुणे त्यांना चारा घालतात, लोकर कातरताना पाहतात आणि परतताना सुताची एखादी लड विकत घेऊन येतात. तसेच काही पाहावयास मिळेल, या आशेने तिने पाड्यावर पाऊल टाकताच पहिला प्रश्न केला, "आजोबा, तुमच्या मेंढ्या कुठं आहेत?"

ओट्यावर बसलेले म्हातारबाबा हसले. "मेंढी इथल्या पावसात जगंल का, पोरी?" ते म्हणाले.

म्हाताऱ्याचे म्हणणे बरोबर होते. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढी ही कोरड्या पठाराची लेक. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात तिचे खूर सडतात आणि भिजलेली लोकर अंगावर राहून ती आजारी पडते. म्हणूनच देशावरचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, कापणी झालेल्या शेतांत रात्री मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेतात, आणि पाऊस येण्याआधी पुन्हा घाट चढून जातात. त्या मेंढीपासून वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास जाडीभरडी लोकर मिळते. तिची घोंगडी होते. घोंगड्यांची मागणी घटल्यामुळे आता कित्येक ठिकाणी लोकर कातरण्याची मजुरीही तिच्या किमतीतून निघत नाही. ती कहाणी निराळी आहे. उत्तर कोकणातील शेतकऱ्याला धागा लागतो तो पांघरण्यासाठी नव्हे, बांधण्यासाठी. आणि तो त्याला जनावर देत नाही, बांध देतो. पेरूच्या पठारावर जनावर माणसाला धागा पुरवते. येथे माणूस जनावरासाठी धागा पिकवतो.

घर कुडाचे होते. कारवीच्या काठ्या उभ्या ओळीने बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेला ओटा. घराला लागूनच गोठा होता, किंबहुना घर आणि गोठा यांच्यामध्ये केवळ एक कूड होता, त्यामुळे रात्री जनावरांचा श्वासोच्छ्‌वास घरात ऐकू येई. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस, एक गाय, तिचे दोन महिन्यांचे वासरू आणि पाच शेळ्या होत्या. बैलांच्या अंगात डांगी जातीचा अंश होता. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतील ही जात मुसळधार पावसाला न डगमगणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो आणि पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही.

मुलीने गोठ्यात डोकावून पाहिले, तेव्हा तिच्या ध्यानात आले की, प्रत्येक जनावराच्या वाट्याला निराळा दोर आहे. म्हशीचे दावे मनगटाएवढे नसले तरी अंगठ्याहून जाड होते. वासराचे दावे बारीक आणि मऊ होते. बैलाच्या नाकातून ओवलेली वेसण गुळगुळीत असावी लागते, नाहीतर नाक सोलून निघते. म्हणून तिच्यासाठी वाख दोनदा विंचरून घेतात. नांगराच्या जुवाला बैल जुंपण्याची जुपणी वेगळी, हाकणाऱ्याच्या हातातला कासरा वेगळा, मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधायचे जाळीचे मुसके वेगळे. घरात गेल्यावर तोच धागा पुन्हा भेटला: आढ्याला टांगलेले शिंके, म्हाताऱ्याची बाज, नातवंडाच्या झोळीची दोरी, पाखरे हाकण्याची गोफण. हे सर्व एकाच झाडाच्या सालीचे आहे, हे कळल्यावर मुलगी पुन्हा बाहेर जाऊन बांधावरची अंबाडी पाहून आली.

त्या दिवशी दुपारी अंबाडी कुजली की नाही, हे पाहावयाचे होते. म्हातारबाबा पुढे आणि पाहुणे मागे, असे सर्वजण ओहोळाकडे निघाले.

अंबाडी पेरतात ती पहिल्या पावसावर. दाट पेरली तर ती फांद्या न फोडता प्रकाशासाठी सरळ उंच वाढते आणि साल लांब निघते. विरळ पेरली तर झुडूप होते. झाड फुलावर आले की कापावयाचे. त्याआधी कापल्यास धागा कोवळा व कमजोर राहतो, आणि बोंडे पिकेपर्यंत थांबल्यास तो राठ होतो. कापलेल्या काड्या दोन-तीन दिवस उभ्या करून ठेवल्या, की पाने गळून पडतात. मग त्यांच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवतात व वर दगड ठेवतात. पाण्यातील सूक्ष्म जंतू साल आणि काडी यांना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ खाऊन टाकतात, आणि साल सुटी होते. पाणी कोमट असेल तर दहा-बारा दिवस पुरतात. थंडी लवकर पडली तर वीस दिवसही लागतात.

ओहोळाच्या वाहत्या धारेपासून थोड्या अंतरावर खणलेल्या खड्ड्यात पेंढ्या बुडवलेल्या होत्या. जवळ जाताच असा दर्प आला की, धाकट्या मुलाने नाक दाबून धरले. वडिलांनाही ते जड गेले; परंतु पाहुणेपणाच्या भिडेने ते तसेच उभे राहिले. "एवढा ओहोळ असताना खड्डा कशाला खणला?" त्यांनी विचारले. म्हातारबाबांनी सांगितले की, कुजवणीने पाणी बिघडते, मासे पोट वर करून तरंगू लागतात आणि गुरे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. पाण्यातील प्राणवायू हे जंतू वापरून टाकतात म्हणून मासे गुदमरतात, एवढी शास्त्रीय पुस्ती मुलीने जोडली. ती तिने शाळेत शिकली होती. तिचा येथे उपयोग होईल, असे मात्र तिला वाटले नव्हते.

म्हातारबाबांनी पाण्यात उतरून एका पेंढीतील मधली काडी ओढून काढली, बुडख्याशी चिमटीत धरून अंगठ्याने घासली आणि जरा ओढताच साल रिबिनीसारखी वरपर्यंत सुटत गेली. "झाली," ते म्हणाले. या एका शब्दामागे फार मोठी जोखीम असते. एक दिवस आधी काढावे तर साल काडीला चिकटून तुकडे पडतात. दोन दिवस उशीर करावा तर जंतू धाग्यालाही सोडत नाहीत आणि वर्षाचा वाख हातात भुसभुशीत होऊन येतो. घड्याळ किंवा पंचांग येथे उपयोगी पडत नाही. अंगठ्यालाच ते कळावे लागते. म्हाताऱ्याच्या मुलाला ते कळत नव्हते, कारण तरुणपणाची वर्षे त्याने डहाणूच्या मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून आणि नंतर कारखान्यात काढली होती. सुनेला थोडेफार कळे.

संध्याकाळपर्यंत साल सोलण्याचे काम चालले. काडी बुडख्याजवळ मोडायची, आतला पांढरा भेंड एका हाताने ओढायचा आणि दुसऱ्या हातात राहिलेली साल पाण्यावर आपटून आपटून धुवायची, म्हणजे हिरवट चोथा निघून जातो व रुपेरी पिवळा वाख उरतो. ओल्या काड्यांचे शंभर भार धरले तर त्यांतून वाख निघतो तो पाच-सहा भार. उरलेल्या काड्या वाळवून चुलीला किंवा कुडाला लावतात. पाहुण्यांनीही हात लावला. मुलीने सोललेल्या सालींपैकी निम्म्या मध्येच तुटल्या. वडिलांच्या पाठीला तासाभरातच रग लागली. खरे सांगावयाचे तर पाहुण्यांच्या मदतीमुळे काम पुढे गेले नाही, मागेच पडले. परंतु तसे कोणी बोलून दाखवले नाही.

ओल्या वाखाला पीळ देता येत नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या शिल्लक वाखाची एक जुडी म्हातारबाबांनी आढ्यावरून काढली. लाकडी ढेरा, म्हणजे दोन आडव्या काड्यांची फुली आणि तिच्या मधोमध उभी दांडी, एका हाताने फिरवीत दुसऱ्या हाताने ते वाख सोडीत गेले. बारीक सुंभ तयार होत गेला. तीन सुंभ झाले, तेव्हा त्यांचे एक टोक खुंटीला बांधून, दुसऱ्या टोकांना आणखी उजवीकडे पीळ भरून, तिन्ही एकत्र करून त्यांना उलट, म्हणजे डावीकडे पीळ दिला. मुलीला नवल वाटले ते हे की, तयार झालेला दोर हातातून सोडून दिला तरी उलगडला नाही. एकेक सुंभ आपला उजवा पीळ उलगडू पाहतो, त्यामुळे तिघांचा मिळून असलेला डावा पीळ अधिकच घट्ट होतो. आणि तो डावा पीळ उलगडू पाहील तर सुंभांना अधिक पीळ पडतो. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना अडवून धरतात, आणि हातहात लांबीच्या सुट्या तंतूंचा, गोंद किंवा गाठ यांवाचून, बैलाला आवरणारा दोर होतो. सुनेने जुन्या सुंभाचा एक तुकडा चुलीत टाकला. तो जळून राख झाला, तरी राखेत पिळाच्या रेषा जशाच्या तशा दिसत होत्या. शाळेत पाठ केलेली म्हण मुलीने प्रथमच डोळ्यांनी पाहिली.

तो दिवस आश्विन वद्य द्वादशीचा होता. देशावर त्या दिवशी वसुबारस म्हणून गायवासराची पूजा होते. येथे त्याच तिथीला वाघबारस असते आणि पूजा होते ती वाघदेवाची. गावाबाहेर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेल्या देवापुढे नारळ फोडून, 'आमच्या गुरांना सांभाळ' अशी विनवणी गुराखी करतात. गाय वाचावी म्हणून कोणी गाईला नमस्कार करावा आणि कोणी वाघाला, यात विसंगती मुळीच नाही. ज्याच्या दारात जे संकट, त्याला तो हात जोडतो. वाघ या भागातून केव्हाच नाहीसा झाला, परंतु बिबट्या आहे. म्हणून अंधार पडण्यापूर्वी जनावरे गोठ्यात बांधली गेलीच पाहिजेत.

त्या संध्याकाळी वासरू बांधण्याचे काम धाकट्या मुलाने हौसेने मागून घेतले. वासराचे वाखाचे दावे झिजून तुटायला आले होते. म्हणून घरच्या मुलाने बाजारातून आणलेला निळा नायलॉनचा दोर त्याच्या हाती दिला. "हा निसटतो बरं का, दोन-तीन गाठी मार," असेही त्याने सांगितले. मुलाने खुंट्याला तीन निरगाठी मारल्या आणि ओढून पक्क्या केल्या. त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

मध्यरात्रीच्या सुमारास गोठ्यात धडपड ऐकू आली. गाय खूर आपटीत हंबरत होती. कंदील घेऊन सर्वजण धावले, तेव्हा वासरू आडवे पडलेले होते. आईकडे जाण्याच्या प्रयत्नात ते खुंट्याभोवती फिरले होते. दोराचा वेढा पुढच्या पायाला आणि मानेला पडून तो आवळला गेला होता. त्याची जीभ बाहेर आली होती. म्हातारबाबांनी खुंट्याची गाठ सोडू पाहिली; पण ओढ लागून आवळलेली नायलॉनची गाठ दगडासारखी झाली होती. त्यांची बोटे तिच्यावरून नुसती घसरत होती. एवढ्यात मुलाने कोयता आणला आणि दोर कापला. वासरू काही क्षण तसेच पडून राहिले. मग त्याने मान हलवली. त्याच्या पायाला दोराने जेथे काचले होते, तेथे केस निघून रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

धाकटा मुलगा भिंतीशी उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याला कोणी काही विचारण्याआधीच म्हातारबाबा म्हणाले, "दोर काय करील आणि पोर तरी काय करील? गाठ चुकली. गाठ त्याला कुणी दाखवलीच नव्हती." सुनेने हळद आणून जखमेवर लावली आणि कंदील मालवला, पण मुलगा बराच वेळ जागा होता, आणि कुडापलीकडून येणारा वासराचा श्वास ऐकत होता.

सकाळी ओट्यावर या घटनेवरूनच बोलणे निघाले. म्हातारबाबांचे म्हणणे असे की, वाखाचे दावे रुंद असते, अंगात रुतत नाही आणि त्याची गाठ घट्ट बसूनही सुटते; गुळगुळीत दोराला साधी गाठ धरत नाही, म्हणून अधिक गाठी माराव्या लागतात, आणि संकटाच्या वेळी त्याच वैरी होतात. मुलाने हे ऐकून घेतले. मात्र त्याचे उत्तरही पोकळ नव्हते. तो म्हणाला, "बाबा, पेरणी, कापणी, कुजवण, सोलणी, पिळणी एवढं करून तुमचं दावं दोन पावसाळे टिकतं. माझ्या एका दिवसाच्या मजुरीत नायलॉनची चार दावी येतात. दिवस कुठून आणायचे?" नौकेवरचा अनुभवही त्याने सांगितला. पूर्वी कोळी लोक तागाच्या आणि कापसाच्या सुतांची जाळी वापरीत. ती कुजू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. नायलॉनची जाळी आली, आणि ते कष्ट संपले. समुद्रावर आता वाखाचे जाळे घेऊन जा म्हणून कोणी सांगू लागला, तर त्याला वेड्यात काढतील.

अमेरिकेत १९३५ साली वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन शोधून काढले. ते कुजत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आणि तुटून समुद्रात राहिलेले जाळे वर्षानुवर्षे मासे व कासवे मारीत राहते, हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा. संयुक्त राष्ट्रांनी २००९ हे वर्ष नैसर्गिक धाग्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याची वार्ता या पाड्यापर्यंत आली नव्हती. येथे प्रश्न साधा होता, की पुढल्या पावसात बांधावर अंबाडी पेरावी की तूर. तुरीला भाव आहे. अंबाडीला घरचे गुरे तेवढी गिऱ्हाईक.

बापलेकांचा हा वाद त्या सकाळी मिटला नाही. म्हातारबाबा उठले, आणि धाकट्या मुलाला हाक मारून गोठ्यात घेऊन गेले. आदल्या दिवशी पिळलेला नवा दोर त्यांनी त्याच्या हातात दिला आणि खुंट्याला सुरगाठ मारावयास शिकवले. सुरगाठीचे एक टोक मोकळे सोडलेले असते. जनावराने कितीही ओढले तरी ती सुटत नाही, पण माणसाने ते मोकळे टोक खेचले की क्षणात उलगडते. गोठ्याला आग लागली, साप निघाला, किंवा जनावर गुंतले, तर अंधारातही हात त्या टोकाकडे गेला पाहिजे. गळ्यात मात्र सुरगाठही नाही आणि सरकता फास तर मुळीच नाही. गळ्यात न सरकणारे कडे करून, त्यात चार बोटे सहज जातील एवढी जागा ठेवायची. मुलाने ती गाठ दहा-पंधरा वेळा मारली. मग म्हातारबाबांनी त्याला डोळे मिटावयास सांगितले, आणि त्याने ती आणखी दहा वेळा मारली.

घरचा नातू त्याच्याच वयाचा होता. तो हे सारे मोठ्या गमतीने पाहत होता. त्याला ही गाठ केव्हा आली, हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हते. शेळ्या राखताना मुले असे कितीतरी शिकून जातात. याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ सालापासून आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम चालवले. मुले गुरे सोडून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली, आणि तिला नाव दिले कुरणशाळा. गुराखी मुलाला अक्षरे येत नसली तरी पुष्कळ काही येते, हे त्या दोघींनी प्रथम मान्य केले; कदाचित म्हणूनच त्यांना शिकवता आले.

दुपारी जेवणे झाली. तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी आणि सुकटीची चटणी असा बेत होता. निघण्याची वेळ झाली, तेव्हा वडिलांनी संकोचाने विचारले, "बाबा, आमचं काय झालं?" म्हातारबाबा गडबडले. पाहुण्याकडून पैसे घ्यावयाचे, ही कल्पना त्यांना मानवेना. ते नाही नाही म्हणू लागले. परंतु सून दारात येऊन उभी राहिली आणि तिने दोन दिवसांच्या जेवणाचे, राहण्याचे आणि म्हाताऱ्याच्या दोन दिवसांच्या खोटीचे पैसे शांतपणे सांगितले. एकही रुपया तिने कमी सांगितला नाही आणि एकही अधिक नाही. वडिलांनी ते दिले. मुलीच्या आईला तो हिशेब फार आवडला, आणि तिने तसे तिला सांगितलेही.

या मुलखात हा हिशेब साधा नाही. एके काळी येथील वारल्यांना जमीनदारांकडे वेठीला राबावे लागे. काम करून घ्यावयाचे आणि मोल द्यावयाचे नाही, अशी ती रीत होती. १९४५ साली मे महिन्यात तलासरी तालुक्यातील झरी या गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत लिहिली असून त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि शहरातील लोक शेतांवर राहावयास येऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र पाहुण्याला दिवसभर वाख सोलून दाखवणाऱ्या, गाठ शिकवणाऱ्या माणसाचा दिवस फुकट धरला गेला, तर ती नव्या वेषातली वेठच होईल. त्या सुनेने हे पुस्तकात वाचलेले नव्हते. तिच्या आजेसासऱ्याने वेठ केली होती, एवढे तिला माहीत होते.

निघताना म्हातारबाबांनी मुलीला हातभर सुंभ दिला. तो तिने स्वतः पिळलेला होता आणि मध्ये दोन ठिकाणी जाडबारीक झाला होता. धाकटा मुलगा एकटाच गोठ्यात गेला. वासरू उठून उभे होते. पायाची हळद वाळली होती. त्याने खुंट्याचे मोकळे टोक ओढले, दावे सुटले, वासरू गाईकडे धावले. ते पिऊन झाल्यावर त्याने त्याला पुन्हा आणून बांधले, आणि गाठ एकदा तपासून पाहिली.

बांधावरून जाताना मुलीला दिसले की, सगळी अंबाडी कापलेली असली तरी कडेची दहा-बारा झाडे तशीच उभी आहेत. फुले गळून त्यांना काटेरी बोंडे धरली होती. "ही का ठेवली?" तिने बरोबर सोडावयास आलेल्या घरच्या मुलाला विचारले.

"बियाण्याला," तो म्हणाला. "बाबांनी ठेवायला सांगितलीत." मग थोडे अंतर चालून गेल्यावर त्याने आपणहून सांगितले की, त्या झाडांना गुरांचे तोंड लागू नये म्हणून भोवती काट्या त्यानेच लावल्या आहेत.